केळ्यालाही फूल पडलं

धरणगावच्या जिनिंगमागच्या मैदानात त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. अडीच-तीन हजार माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. कुणाचा नवाकोरा, कुणाचा काचेला तडा गेलेला, कुणाचा रबरबँडनं बांधलेला. सगळ्यांच्या पडद्यावर एकच चित्र होतं, देवीची दोन पावलं.

"भक्तहो!" व्यासपीठावरून फुलनाथ महाराज गरजले. "पूर्वी आई गाभाऱ्यात बसायची. आता आई टॉवरवर बसते! टॉवर म्हणजे काय? कलियुगाचा कळस! त्यातनं लहरी निघतात त्या कुणाच्या? कंपनीच्या? छे! कंपनी नुसतं बिल घेते. लहरी आईच्या! फोर-जी म्हणता, फाइव्ह-जी म्हणता, त्यातला जी कोण? माताजी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. असल्या ज्ञानावर टाळ्या वाजतात, हे आपलं नशीब!

"ठेवा अंगठा पावलांवर! मोजा दहा!"

अंगठे टेकले. दहापर्यंत आकडे झाले आणि मैदानभर घंटा किणकिणू लागल्या. पडद्यावर वरून एक झेंडूचं फूल हळूहळू उतरायचं आणि पावलांवर विसावायचं. "पडलं! पडलं!" म्हणत बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. काहींच्या फोनवर मात्र फूल आलंच नाही. पडदा काळा ठिक्कर झाला आणि खाली अक्षरं उमटली: 'दोष आहे. दरबारात या.' ती माणसं फोन पदराआड, खिशात लपवू लागली. शेजारची मंडळी त्यांच्यापासून नकळत वीतभर सरकली.

पुढच्या रांगेतल्या सुमनबाईंचा पडदा असाच काळा झाला. महाराजांचा चेला भूषण धावत आला, फोन मागून "शुद्धीकरणाला" पडद्यामागे घेऊन गेला, पाच मिनिटांनी अंगारा फासून परत घेऊन आला. सुमनबाईंनी रडत रडत अंगठा ठेवला, आणि फूल पडलं! मैदान दणाणलं.

गर्दीच्या कडेला उभी राहून ज्योत्स्ना फोटो काढत होती. तिला या सगळ्याचं फारसं काही वाटत नव्हतं, कारण ते फूल तिनंच पाडलेलं होतं. जळगावात गिरधरभाऊंच्या जाहिरात कंपनीत ती कामाला होती. ठिबकच्या नळ्या, केळीचे वेफर्स, साड्यांचे सेल, सगळ्यांच्या मोबाईलवरच्या जाहिराती तीच करायची. महाराजांचं काम आलं तेव्हा तिनं झेंडूचा छानसा व्हिडिओ शोधला, आणि पिवळं फूल उठून दिसावं म्हणून मागे काळा रंग दिला. फूल यायला वेळ लागला तर काय दाखवायचं, असं तिनं विचारलं, तेव्हा भूषणनं ते 'दोष आहे' वाक्य पाठवलं. तिनं ते चिकटवून टाकलं. गिऱ्हाइकानं दिलेली ओळ आहे, आपल्याला काय त्याचं!

सोमवारी ती ऑफिसात आकडे बघायला बसली. शंभर अंगठ्यांमागे फुलं किती, हा तिचा रोजचा हिशेब. धंद्यात त्याला कन्व्हर्जन म्हणतात. खानदेशात सिम त्याच्या वेष्टनाच्या रंगावरून ओळखतात. हिरव्या कंपनीचं सिम आणि बऱ्यापैकी फोन असेल तर शंभरातल्या ऐंशींना फूल पडत होतं. जांभळ्या सिमवाल्यांत अठरांना. आणि जांभळं सिम, वर जुना, भरलेला फोन असेल, तर फक्त चौघांना!

ज्योत्स्नाला हसू आलं. पुण्यवान माणसं नेमकी हिरवंच सिम कशी घेतात बुवा?

"गिरधरभाऊ, व्हिडिओ जड झालाय," ती म्हणाली. "जांभळ्याचे टॉवर लांब लांब आहेत, दहा आकड्यांत व्हिडिओ पोचतच नाही. आणि जुन्या फोनात जागा नसते, तिथे आला तरी उघडत नाही. मी हलका करते. अर्ध्या तासाचं काम आहे."

"हात लावायचा नाही!" गिरधरभाऊ खुर्चीतनं उठलेच. "महाराजांकडनं उलट निरोप आलाय. ऐक."

त्यांनी ऑफिसच्या ग्रुपवर आलेला भूषणचा निरोप लावला. "ताईंना सांगा, ह्याच्यापुढे जाहिरात जांभळ्या सिमवाल्यांना जास्त दाखवा. जुने फोन बघून दाखवा. तिथं फूल पडत नाही, म्हणजे माणूस घाबरून दरबारात येतोच, दक्षिणा ठेवतोच. शुद्धीकरण म्हणजे काय, फोनमधलं सगळं पुसायचं आणि आपलं वाय-फाय लावायचं. फूल पडतंय."

ज्योत्स्नाचं हसू जिथल्या तिथे विरलं. म्हणजे ह्यांना सगळं माहीत होतं! तरीही ती संध्याकाळी गुपचूप घरी गेली. नोकरी होती, हप्ते होते, आणि शेवटी फूलच तर होतं, कुणाचा जीव थोडाच जाणार होता!

मेहरूणला तलावाजवळ ती आणि सुनिता एका खोलीत राहायच्या. सुनिता सातपुड्याच्या पायथ्याच्या सागपाड्याची, इथे लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला. ज्योत्स्ना आली तेव्हा सुनिता भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले.

"ज्योत्स्ना, तुझं ते फूल," ती म्हणाली, "माझ्या आईला डाकीण ठरवतंय."

सुनिताची आई मोगराबाई सागपाड्याची अंगणवाडी सेविका. पंधरा दिवसांपूर्वी महाराजांचे चेले पाड्यावर ज्याच्या त्याच्या फोनात ती जाहिरात टाकून देत फिरले. बहुतेकांचं सिम हिरवं, कारण हिरव्याचा टॉवर समोरच्याच टेकडीवर. सगळ्यांना फूल पडलं. मोगराबाईंना तीनदा काळोख! पुढच्या आठवड्यात पाड्याचे कारभारी रुपसिंगआबा यांचा नातू तापानं फणफणला. कुजबुज सुरू झाली. डाकीण म्हटलं की आमच्याकडे पुरावा लागत नाही, पण इथे तर मोबाईलनंच पुरावा दिला होता! बायांनी अंगणवाडीत पोरं पाठवणं बंद केलं. हातपंपावर मोगराबाई आल्या की कळशा उचलल्या जाऊ लागल्या. शुक्रवारी महाराज सागपाड्याच्या बाजारात येणार होते. तिथे शुद्धीकरण करून घ्यायचं, नाहीतर पाडा सोडायचा, असं पंचांनी सांगितलं होतं.

"आणि आई म्हणतेय फोन देणार नाही," सुनिताला हुंदका आला. "ज्योत्स्ना, तू फूल पाडू शकतेस ना? फक्त आईच्या फोनवर पाड. एवढंच कर गं."

ज्योत्स्ना तिच्या शेजारी खाली बसली. काळा रंग तिनं दिला होता. 'दोष आहे' ही ओळ तिनं चिकटवली होती. चूक कुणाची हे शोधायला लांब जायची गरजच नव्हती.

शुक्रवारी सकाळी दोघी सागपाड्याला पोचल्या. मोगराबाई रिकाम्या अंगणवाडीत पाट मांडून बसल्या होत्या. एकही पोर नव्हतं, तरी खिचडी शिजवलेली होती. ज्योत्स्नानं त्यांचा फोन पाहिला आणि कपाळावर हात मारला. शिरपूरच्या बाजारातनं पदरच्या पैशानं घेतलेला जुना फोन. आत दोन हजारांवर फोटो, वजनकाट्यावर बसलेली पाड्याची पोरं. रडणारी, हसणारी, नागडी, टोपडं घातलेली. प्रत्येक महिन्याला प्रत्येक पोराचा एक फोटो, काट्यावरचा आकडा दिसेल असा. फोनला श्वास घ्यायलाही जागा नव्हती.

"अक्का, सिम जांभळंच का ठेवलंत?"

"बठ्ठा पाड्याले हाऊच नंबर माहीत शे," मोगराबाई म्हणाल्या. "बाळंतीण अडनी का याच नंबरवर फोन येस. नंबर कसा बदलू?" कंपनी बदलली तरी नंबर राहतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. रुपसिंगआबांच्या नातवासाठी अँब्युलन्स बोलावली ती त्यांनीच, त्याच फोनवरून, एका दांडीचं सिग्नल शोधत टेकडी चढून.

"मी आत्ता हे फूल हलकं करते," ज्योत्स्ना म्हणाली. "बसल्या जागी. मग तुमच्या फोनवरही पडेल. मंडपात अंगठा ठेवा, फूल पडेल, विषय संपला."

मोगराबाईंनी खिचडीवर झाकण ठेवलं. "माले पडी," त्या म्हणाल्या. "आन् उद्या दुसरीले नही पडनं तर? तिले डाकीण म्हनतीन. मी बी म्हनू का मंग?"

सुनिता म्हणाली, "आई, अगं, आजचं तर निभावू दे!"

"नही." मोगराबाईंनी फोन पदराला बांधला. "माले फूल नको. माले मनी पोरं पाहिजे आठे, खिचडी खावाले."

ज्योत्स्नाला लाज वाटली, खूप वाटली. सातवी शिकलेल्या बाईनं एका वाक्यात तिचा सोपा मार्ग खोडून काढला होता. तिनं बाहेर येऊन गिरधरभाऊंना फोन लावला. "भाऊ, सुटी नाही टाकली, नोकरीच सोडतेय. आज मी महाराजांच्या मंडपात उभी राहणार आहे." पलीकडून आरडाओरडा सुरू झाला तेव्हा तिनं फोन ठेवून दिला. वाटेत बाजारात तिनं पिकलेली अर्धा डझन केळी घेतली.

मंडप गच्च भरला होता. महाराजांनी नुकतंच माताजीचं फाइव्ह-जी आटोपलं होतं. मोगराबाई दिसताच गर्दी दुभंगली आणि मधोमध वाट झाली. मान खाली न घालता त्या चालत गेल्या.

"ही ती बाई?" महाराजांनी डोळे मिटले. "आहाहा! काळोख! मला इथूनच दिसतोय. फोन द्या, माई. शुद्ध करू."

"शुद्ध म्हणजे काय करणार?" ज्योत्स्ना पुढे झाली. "आतलं सगळं पुसणार, असंच ना?"

"तू कोण गं?"

"हे फूल बनवणारी मी!" तिनं इतक्या मोठ्यानं सांगितलं की मागच्या माणसांनीही टाचा उंच केल्या. "देवीनं नाही, मी बनवलंय. जळगावात, खुर्चीवर बसून, चहा पीत!"

महाराज हसले. "वेडी पोर. निमित्त तू, कर्ती आई."

"बरं, मग बघू या." ज्योत्स्ना रुपसिंगआबांकडे वळली. पांढऱ्या मिशांचे, कडक म्हातारे, पहिल्याच रांगेत बसले होते. "आबा, तुम्हाला फूल पडतं?"

"पडस. रोज पडस," आबा ताठ्यात म्हणाले.

"फोन द्या की जरा. सगळ्यांसमोरच धरते." तिनं देवीची पावलं उघडली, पिशवीतनं एक केळं काढून सोललं, आणि त्याचं टोक अलगद पावलांवर टेकवलं. "मोजा!"

कुणी मोजेना. मग मागून एका पोरीनं सुरुवात केली, हळूहळू मंडप मोजू लागला. आठ, नऊ, दहा. घंटा किणकिणली. झेंडू डुलत डुलत उतरला आणि पावलांवर बसला.

मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हसू रांगारांगांतून पसरलं. "केळ्याले बी पडनं भो!" एक जण ओरडला.

"केळं सात्त्विक फळ आहे!" महाराज घाईनं म्हणाले. "प्रसादाचं फळ! त्याला कृपा होणारच!"

"वा रे वा!" ज्योत्स्नाचा आवाज चढला. "तीनशे पोरांची वजनं करणाऱ्या बाईवर कृपा नाही, आणि डझनाच्या भावानं आणलेल्या केळ्यावर आहे? बरं, केळं सोडा. आबा पुण्यवान आहेत की नाहीत?"

"आहेत तर!"

"ठरलं. आबा, चला माझ्याबरोबर. इथनं नाल्यापर्यंत."

मंडपामागे उतार होता आणि खाली कोरडा नाला. तिथे हिरव्याचं सिग्नल जातं, हे पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. फोन आला तर लोक नाल्यातून धावत वर येतात. पण देवीच्या पावलांशी त्याचा संबंध कुणी लावला नव्हता. रुपसिंगआबा पुढे, मागे अर्धा मंडप. नाल्याच्या तळाशी आबांनी अंगठा ठेवला. दहा झाले. घंटा नाही. पडदा काळा ठिक्कर झाला आणि खाली अक्षरं उमटली: 'दोष आहे. दरबारात या.'

त्यांनी पुन्हा अंगठा ठेवला. पुन्हा तेच.

"आबा," ज्योत्स्ना आता हळू बोलत होती, "वीस पावलं उतरलात. वीस पावलांत काय पाप केलंत?"

आबा चढ चढून मंडपात परत आले, पुन्हा अंगठा ठेवला, आणि फूल पडलं.

"तुम्ही केळीच्या बागेत कामाला जाता," ज्योत्स्ना सगळ्यांना सांगू लागली. "ठिबकची नळी बघितली आहे. मोटर जवळ असेल तर झाडाला पाणी भरपूर. शेवटच्या टोकाला थेंब थेंब. नळीत कचरा अडकला तर तेही नाही. झाड वाळलं तर तुम्ही झाडाला पापी म्हणता का? नळी बघता ना? हे फूलही तसंच आहे. ते टॉवरवरून तुमच्या फोनात यावं लागतं. हिरव्याचा टॉवर समोर, म्हणून लवकर येतं. जांभळ्याचा लांब, म्हणून उशीर लागतो. दहा आकड्यांत पोचलं नाही की काळं दिसतं. नवीन फोनात जागा असते, फूल मावतं. मोगराअक्कांच्या फोनात जागा का नाही, ते बघायचंय?"

तिनं हात पुढे केला. मोगराबाईंनी पदराची गाठ सोडून फोन तिला दिला. ज्योत्स्नानं फोटो उघडले आणि फोन बायांच्या रांगेत दिला. बोटं सरकू लागली. "हाई तं मनी पोर!" एक बाई म्हणाली. "हाऊ मना, दात बी नव्हतात तवय." फोन हातोहात फिरला. शेवटी तो रुपसिंगआबांकडे आला. पडद्यावर त्यांचा नातू होता, काट्यावर बसून खिदळणारा.

"हाच तो दोष," ज्योत्स्ना म्हणाली. "ह्या फोटोंनी भरलाय तिचा फोन. शुद्धीकरण म्हणजे हे पुसून टाकणं."

"खोटं! सगळं खोटं!" भूषण ओरडला. "हिला कंपनीनं पैसे चारलेत!"

"भूषणभाऊ, तुमचाच आवाज ऐकवू का?" तिनं मंडपातला माईक उचलला आणि आपल्या फोनवरचा तो निरोप लावला. भोंग्यातनं भूषणचाच आवाज घुमला: जांभळ्या सिमवाल्यांना जास्त दाखवा. जुने फोन बघून दाखवा. माणूस घाबरून दरबारात येतोच.

आता कुणी हसलं नाही. महाराज उठले, शाल सावरली, "आईचा कोप होईल" वगैरे पुटपुटले आणि गाडीकडे निघाले. पण गाडीच्या दारात रुपसिंगआबा उभे होते.

"बस," आबा म्हणाले. "पोलीस येवालोंग बस. बाईले डाकीण म्हननं गुन्हा शे, हाई माले बी माहीत शे. मी बी म्हननू. मना बी जबाब लिखा म्हनसू." मग ते मोगराबाईंकडे वळले. "अक्का, चुकनं मनं," एवढंच ते म्हणाले, आणि मिशा पुसल्या.

मोगराबाईंनी फोन परत पदराला बांधला. "खिचडी थंडी व्हयनी व्हई," त्या बायांकडे वळून म्हणाल्या. "पोरं लई या."

ज्योत्स्नाच्या वाट्याला काय आलं? नोकरी सुटली. गिरधरभाऊंनी उरलेला पगार अडवला. तिनं मेहरूणच्या खोलीत बसून पहिलं काम केलं ते म्हणजे मंडपातला सगळा प्रकार लिहून काढून पोलिसांना जबाब दिला, आणि त्यात स्वतःचं नावही लिहिलं, काळा रंग देणारी म्हणून.

आता तुम्हाला एक सांगायचंय, वाचणाऱ्यांनो. उद्या तुमच्या फोनवरही कुठलं तरी फूल येईल. फूल नसेल तर दिवा असेल, भाग्याचं चक्र असेल, 'अकरा जणांना पाठवा' असेल. एखाद्याच्या फोनवर ते उजळेल, एखाद्याच्या फोनवर विझेल. विझलं तर घाबरू नका. आधी सिग्नलच्या दांड्या मोजा, फोनमधली जागा बघा, टॉवर कुठे आहे ते विचारा. आणि कुणी शेजारणीकडे बोट दाखवलं तर त्याच फोनवर सगळ्यांदेखत एक केळं टेकवा.

सागपाड्याच्या अंगणवाडीत त्या दुपारी एकोणतीस पोरं जेवली. मोगराबाईंनी प्रत्येकाचं वजन घेतलं. एकोणतिसाव्या फोटोला फोन म्हणाला, जागा नाही. तेव्हा त्यांनी देवीच्या पावलांची ती जाहिरात कायमची पुसून टाकली, आणि रुपसिंगआबांच्या, तापातून उठलेल्या नातवाला पुन्हा काट्यावर बसवलं.